लेव्होडोपा : पदार्थापासून औषधापर्यंत ५४ वर्षे

कंपवातावरील लेव्होडोपा हे आजही मुख्य औषध आहे. हा पदार्थ निसर्गातून १९१३ मध्येच वेगळा करण्यात आला होता. डोपाच्या उपचाराचा टिकाऊ परिणाम मात्र १९६७ मध्ये दिसला. मधली ५४ वर्षे कशात गेली, ते या पाठात पाहू.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे या आजाराचे वर्णन केले : हातापायांचा कंप, पुढे झुकलेले शरीर, घाईची पावले. पुढे पॅरिसमध्ये शार्को यांच्या काळात बेलाडोनासारख्या वनस्पतींची औषधे दिली जात. त्यांचा गुण मर्यादित होता.

१९१३ मध्ये बाझेल येथे मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकला या शेंगेच्या झाडापासून लेव्होडोपा वेगळा केला. त्यांनी स्वतः अडीच ग्रॅम घेऊन पाहिला आणि त्यांना उलट्या झाल्या. १९३७ मध्ये मद्रासला दामोदरन व रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून तोच पदार्थ मिळवला. पण कंपवाताशी त्याचा संबंध जोडावा, असे कारणच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

ते कारण दुसऱ्याच वाटेने सापडले. रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. पुढे सर्पगंधेतून रेसरपिन हे द्रव्य मिळाले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. १९५७ मध्ये स्वीडनमधील अर्विद कार्लसन यांनी रेसरपिनमुळे निश्चल झालेल्या प्राण्यांना डोपा टोचला आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकिविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले. हालचालींशी संबंधित भागात डोपामाइन फारच कमी आढळले.

आता उपचाराची दिशा स्पष्ट झाली. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि तेथे त्याचे डोपामाइन बनते. १९६१ मध्ये व्हिएन्नात तो शिरेतून दिल्यावर जखडलेले रुग्ण काही तास चालू-फिरू लागले. प्रश्न उरला मात्रेचा. तो अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी १९६७ मध्ये सोडवला. त्यांनी डोपा तोंडाने दिला आणि थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत नेला. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाली. त्यामुळे लेव्होडोपाचे मेंदूबाहेर होणारे रूपांतर रोखले गेले आणि मळमळ कमी झाली.

तरीही हा आजार बरा होत नाही. चेतापेशींचा ऱ्हास चालूच राहतो. काही वर्षांनी औषधाचा प्रभाव लवकर ओसरू लागतो, नको असलेल्या हालचालीही सुरू होतात.

खाजकुइली आयुर्वेदात कपिकच्छू या नावाने पूर्वापार वापरात आहे. मग 'हे आपल्याला आधीच माहीत होते' असे म्हणावे का? उत्तर देताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा : वनस्पतीचा उपयोग, तिच्यातील द्रव्य आणि ते द्रव्य गुण का देते याचे ज्ञान. मद्रासच्या संशोधकांकडे द्रव्य होते, पण डोपामाइनच्या कमतरतेचा शोध लागायला अजून २३ वर्षे होती. नंतर कळलेल्या गोष्टी आधीच्या माणसांच्या तोंडी घालू नका. त्यामुळे त्यांनी खरोखर केलेले काम उलट झाकले जाते.