आधीं कोण? : घटिकापात्रापासून बझरपर्यंत

प्रश्नोत्तरांचा खेळ हा सुशिक्षित घरांतील करमणुकीचा एक मान्य प्रकार होऊन आतां पुष्कळ काळ लोटला आहे. स्नेहसंमेलन असो, वाढदिवस असो, कीं सुटींत जमलेलीं भावंडें असोत, दोन पक्ष पाडून प्रश्नमंजूषा मांडण्यास वेळ लागत नाहीं. प्रत्येक स्पर्धकापुढें एक बटण, त्याच्या नांवाचा एक दिवा आणि ठरलेली मुदत संपतांच वाजणारा बझर, एवढें साहित्य हौशी विद्यार्थी स्वतःच्या हातांनींही तयार करतात. वरवर पाहतां तें एक खेळणें आहे. परंतु या खेळण्यांत दोन न्यायाधीश बसविलेले असतात. एक 'आधीं कोण?' याचा निवाडा करतो, दुसरा 'किती वेळ?' याचा. हे न्यायाधीश आले कोठून, आणि त्यांच्या हातीं किती अधिकार द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्नांचा खेळ विदर्भाला परका नाहीं. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत प्रहेलिका म्हणजे कूटप्रश्न, आणि प्रतिमाला म्हणजे आपली अंत्याक्षरी, यांची गणना केली आहे. त्याच ग्रंथांत वैदर्भांचा व वत्सगुल्मकांचाही उल्लेख येतो. हें वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम. १९९८ सालापर्यंत तें अकोला जिल्ह्यांतच होतें. दंडीनें पुढें काव्यादर्शांत प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगून, मित्रमंडळींच्या करमणुकीसाठीं त्यांचा उपयोग नमूद केला. तेराव्या शतकांत अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें मोठें स्थान झालें. लीळाचरित्रांत श्रीचक्रधरांना शिष्यांनीं विचारलेले प्रश्न ठायीं ठायीं आढळतात, आणि त्या शिष्यांत महदाइसेचें नांव तिच्या जिज्ञासेमुळेंच विशेष लक्षांत राहतें. सभेचा विनोद आणि गुरूपुढील जिज्ञासा यांत अंतर फार. तथापि एक गोष्ट दोहोंत समान आहे. उत्तराचा कस त्याच्या योग्यतेवर लागे. शीघ्रकवीचें कौतुक होई खरें. पण त्याचें शीघ्रत्व दुसऱ्यापेक्षां केसभर अधिक कीं उणें, हें मोजण्याचें साधन सभेंत नव्हतें.

काळ मोजण्याचें साधन मात्र होतें. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तरंगत ठेवावी. पाणी छिद्रांतून हळूहळू वर चढावें. आणि वाटी बुडाली कीं एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटें, झाली असें समजावें. लग्नघटिका याच पात्रानें साधीत. एका घटिकेचीं साठ पळें आणि एका पळाचीं साठ विपळें. म्हणजे पळ चोवीस सेकंदांचें आणि विपळ सेकंदाच्या दोन-पंचमांशाएवढें. विपळ ज्योतिष्याच्या गणितांत होतें, पण वाटींत तें कोणास दिसत नव्हतें. ध्वनि कानीं पडल्यापासून बोट हलेपर्यंत मनुष्याला सुमारें अर्धें विपळ लागतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे आजच्या स्पर्धेंतील जयपराजय किती सूक्ष्म काळांत ठरतो याची कल्पना येईल.

या सूक्ष्म काळाचा पहिला बळी खेळांत पडला नाहीं. तो वेधशाळेंत पडला. ग्रिनिच येथील राजज्योतिषी मॅस्केलिन यांनीं १७९६ सालीं किनेब्रूक नांवाच्या आपल्या साहाय्यकास कामावरून दूर केलें. दुर्बिणींतील तारेवरून नक्षत्र सरकण्याचा क्षण तो मॅस्केलिन यांच्यापेक्षां सुमारें आठ-दशांश सेकंद उशिरा नोंदवीत असे, एवढाच त्याचा दोष. पुढें बेसेल या जर्मन ज्योतिर्विदानें हें प्रकरण वाचलें आणि इतर निरीक्षकांशीं स्वतःची तुलना करून पाहिली. तेव्हां दिसून आलें कीं, निरीक्षक कितीही दक्ष असला तरी प्रत्येकाचा क्षण निराळा. दोष किनेब्रूकचा नव्हता. मनुष्याच्या घडणीचाच तो गुण होता. यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेधशाळांत विजेची कळ आली. नक्षत्र तारेवर येतांच निरीक्षकानें कळ दाबावी आणि फिरत्या कागदावर खूण उमटावी. १८६८ सालीं डाँडर्स या डच शास्त्रज्ञानें मनाच्या व्यापारांस लागणारा काळ अशाच रीतीनें मोजला. स्पर्धकाच्या बोटाखालील बटण हें या कळेचेंच धाकटें भावंड होय.

प्रयोगशाळेंतून ही कळ करमणुकींत आली ती विसाव्या शतकांत. अमेरिकेंत १९५३ सालीं नभोवाणीवर महाविद्यालयांच्या संघांचा 'कॉलेज बोल' सुरू झाला, आणि त्याच्याच धर्तीवर इंग्लंडांत १९६२ पासून 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' दूरचित्रवाणीवर दिसूं लागला. भारतांत नील ओब्रायन यांनीं १९६७ सालीं कलकत्त्यास सर्वांना खुली अशी प्रश्नस्पर्धा भरविली. १९७२ सालीं 'बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट' हमीद सयानी यांच्या आवाजांत घरोघर पोहोंचली, आणि १९८५ सालीं सिद्धार्थ बसू यांच्या 'क्विझ टाइम'नें ती गोडी दूरदर्शनवर आणली. ज्यांचें बालपण त्या काळीं गेलें, त्यांना आपल्या शाळेंतही तसेंच यंत्र असावें असें वाटूं लागलें, तर त्यांत नवल नाहीं.

आतां यंत्राची रचना पाहूं. 'आधीं कोण?' या प्रश्नाचें उत्तर रिलेनें देतां येतें. रिले म्हणजे विद्युच्चुंबकाच्या ओढीनें उघडमीट करणारी कळ. प्रत्येक स्पर्धकास एक रिले द्यावा, आणि त्याच्याकडे जाणारा प्रवाह इतर सर्वांच्या रिलेंतून फिरवून आणावा. ज्याचा रिले प्रथम ओढला जाईल तो इतरांची वाट तोडतो, स्वतःची वाट धरून ठेवतो, आणि त्याचाच दिवा लागतो. मागाहून कोणी कितीही जोरानें बटण दाबलें तरी उपयोग नाहीं. प्रश्नकर्त्यानें आपली कळ दाबून सर्व पूर्ववत् केलें कीं पुढचा प्रश्न. पुढें रिलेची जागा थायरिस्टरनें आणि नंतर चिपांनीं घेतली. तत्त्व तेंच राहिलें.

'किती वेळ?' याचें उत्तर देणारी चिप विशेष प्रसिद्ध आहे. हान्स कॅमेनझिंड या मूळच्या स्विस अभियंत्यानें ती आंखली, आणि सिग्नेटिक्स कंपनीनें १९७२ सालीं '५५५' या नांवानें बाजारांत आणली. आठ पायांची ही चिप एका कपॅसिटरवर पहारा करते. रोधकांतून झिरपणाऱ्या प्रवाहानें कपॅसिटर भरत जातो, आणि विजेचा दाब पुरवठ्याच्या दोन-तृतीयांशास पोहोंचतांच चिप पालटते व मुदत संपल्याची सूचना मिळते. दहा लक्ष ओहमांचा रोधक आणि सत्तावीस मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर जवळजवळ तीस सेकंद मिळतात. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं हें घटिकापात्रच आहे! रोधक म्हणजे तळाचें छिद्र, कपॅसिटर म्हणजे वाटी, आणि चिप म्हणजे वाटी बुडतांच घटिका भरल्याचें पुकारणारा जोशी.

येथवर यंत्राचा गौरव झाला, आणि तो यथार्थच आहे. वर्गांत हात वर करणाऱ्या मुलांपैकीं पुढच्या बांकावरील मुलाचा हात शिक्षकांस आधीं दिसतो. घरांतही यजमानांच्या मुलाचा आवाज पाहुण्यांच्या मुलापेक्षां अगोदर ऐकूं येतो. यंत्राला बांक दिसत नाहीं, आडनांव ठाऊक नाहीं, कपडे समजत नाहींत. तथापि जें यंत्र इतकें अंध आहे त्याला ज्ञानही दिसत नाहीं. त्याला केवळ बोट कळतें. प्रश्न पुरा वाचून होण्यापूर्वीं बटण दाबतां यावें कीं नाहीं? चुकलेल्यास दंड असावा काय? चुकल्यावर संधि कोणाकडे जावी? विचाराला दहा सेकंद द्यावींत कीं साठ? यांपैकीं एकाही प्रश्नाचा निर्णय तार किंवा चिप करीत नाहीं. तो यंत्र बनविणाऱ्यानें आधींच करावयाचा असतो, आणि त्यावरच खेळ बुद्धीचा होणार कीं बोटांचा, हें ठरतें.

या विवेकाचें एक उदाहरण वऱ्हाडच्याच भूमींत घडलेलें आहे. अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव सुर्जी येथील श्रीमती बबीता ताडे या शाळेंत मुलांसाठीं खिचडी शिजवीत असत. त्यांचें मासिक मानधन दीड हजार रुपये होतें. २०१९ सालीं 'कौन बनेगा करोडपति' या कार्यक्रमाच्या अकराव्या पर्वांत त्यांनीं एक कोटि रुपये जिंकले. त्या खेळाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. मुख्य आसनापर्यंत पोहोंचण्यास प्रथम बोटांची शर्यत जिंकावी लागते. परंतु त्या पर्वांत तेथेंही नुसती घाई पुरत नव्हती, चार पर्यायांचा क्रम बरोबर लावून मग वेळ पाहिला जात असे. आसनावर बसल्यावर प्रारंभींच्या प्रश्नांना घड्याळ असतें. वरच्या, अधिक कठीण प्रश्नांना तें नसतें. म्हणजे यंत्रानें दार उघडावें आणि मग बाजूला व्हावें, अशी ती योजना. श्रीमती ताडे यांची मिळकत किंवा त्यांचें काम त्या यंत्रानें विचारलें नाहीं, ही एक गोष्ट. आणि जेथें खरा कस लागणार होता तेथें त्यांना स्वस्थपणें विचार करूं दिला, ही दुसरी. सात कोटींच्या प्रश्नावर त्या थांबल्या. आपल्याला काय ठाऊक नाहीं हें ओळखून थांबणें हेंही ज्ञानाचेंच एक अंग आहे, आणि त्याचा हिशेब कोणताही बझर ठेवीत नाहीं.

वऱ्हाडांतल्या एखाद्या घरीं विद्यार्थी या सुटींत असें यंत्र जुळवीत बसले, तर वडील मंडळींनीं त्यांना अवश्य उत्तेजन द्यावें. वीज आणि गणित यांचा इतका आनंददायक धडा क्वचित् मिळतो. मात्र तारा जोडण्यापूर्वीं नियमांचा कागद लिहावयास त्यांना सांगावें. विजेचे रिले समान आहेत कीं नाहींत हें मीटर सांगेल. मंद पण खोल विचार करणाऱ्या मुलाला आपल्या खेळांत जागा आहे कीं नाहीं, हें त्या कागदावरच पाहावें लागेल.