पुराच्या उगमाकडे

पुराचे कारण शोधावयाचे तर नदीच्या उगमाकडे चालत जावे लागते. ल्युकेमियाच्या संशोधनाचा इतिहास हा असाच उलटा प्रवास आहे. १८४५ साली बर्लिनमध्ये विर्खो व एडिंबरोत बेनेट यांनी मृत रुग्णांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर पाहिला. रक्तपेशी अस्थिमज्जेत घडतात, हे १८६८ मध्ये नॉयमानने दाखविले. जिच्यापासून त्या साऱ्या उपजतात, त्या मूळपेशीचा पुरावा १९६१ मध्ये टोरांटोच्या टिल व मॅक्युलक यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दिला. तेथेच जॉन डिक यांच्या गटाला २०१४ मध्ये आढळले की, काही रुग्णांत रोगाचा पहिला जनुकीय बदल झालेल्या मूळपेशी उपचारानंतरही तग धरतात. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. सत्तरी ओलांडलेल्या १० टक्क्यांहून अधिक माणसांच्या रक्तात असे बदल असतात. पण त्यांतील बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही.

मग निरोगी माणसास रोगी ठरवावे काय? प्रतिबंधाची खरी कसोटी येथेच आहे. धोका ओळखता येऊ लागला. तो थोपविणारे सिद्ध औषध मात्र अद्याप हाती नाही. तोवर धूम्रपान व बेंझीन टाळावे, रक्तावर लक्ष ठेवावे आणि भय वाढवू नये, हेच आम्हांस शहाणपणाचे वाटते.