दोरीच्या इशाऱ्यावर चाललेला रणगाडा

देहूरोडहून पुण्याची लोकल धरलीत, तर सहावं स्टेशन खडकी. तिथे बॉम्बे सॅपर्सचं मुख्यालय आहे. कारवारजवळच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे याच सॅपर्समधले.

८ एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या फौजेची वाट सुरुंगांनी अडवली होती. राणेंची तुकडी कामाला लागताच वरून तोफगोळे आले. दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्यांत राणेही होते. तरीही ते रणगाड्याखाली सरपटत पुढे जात सुरुंग काढत राहिले. ‘थांब’, ‘चल’ हे ड्रायव्हरला दोरी ओढून सांगत. राजौरीत लोकांची कत्तल सुरू होती, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता. १२ एप्रिलला फौज राजौरीत पोहोचली.

राणेंना हयातीतच परमवीर चक्र मिळालं. १९९४ मध्ये ते पुण्यात वारले.