झिजलेल्या पात्याचें पाणी

अठराव्या शतकांतील इंग्लंडांत पोलाद महाग असे. म्हणून कापण्याच्या हत्याराचें अंग पुष्कळदां साध्या लोखंडाचें करीत आणि धारेपुरती पोलादाची अरुंद पट्टी बसवीत. ती झिजली, कीं लोहार नवी पट्टी घेई. दोन्ही तुकडे शुभ्र तापवी, सांध्यांत कीट राहूं नये म्हणून वाळू किंवा टाकणखार टाकी आणि ऐरणीवर ठोकून ते एकजीव करी.

परंतु एवढ्यानें काम संपत नसे. आपल्याकडे ज्याला ‘पाणी देणें’ म्हणतात, तो संस्कार उरलेला असे. लाल तापलेलें पातें पाण्यांत बुडवलें, कीं तें कांचेसारखें कठीण, पण ठिसूळ होतें. त्याला पुन्हा मंद आंच दिली म्हणजे ठिसूळपणा जातो आणि धार टिकते. पोलादाचें हें वेगळेपण कार्बनाच्या अंशामुळें येतें, हें मोंज, बर्तोले व व्हांदेरमोंद या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १७८६ सालीं दाखविलें. लोहाराच्या हाताला त्याचा अनुभव त्याच्या कितीतरी आधींपासून होता.

१८३० सालीं स्ट्राउड परिसरांतील एडविन बडिंग यानें हिरवळ कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. गिरणींतील लोकरी कापडावरचे तंतु कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. त्यांतील फिरतीं वळणदार पातीं खालच्या स्थिर पात्याशीं कात्रीप्रमाणें जुळावीं लागतात. अशा ठिकाणीं घणाची दुरुस्ती पुरेशी नव्हती.

१८८५ सालीं बेनार्डोस व ओल्शेव्हस्की यांनीं विजेच्या ज्योतीनें धातु सांधण्याचें पेटंट घेतलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें ऑक्सिजन व अ‍ॅसिटिलिन यांची ज्योतहि त्या कामीं आली. आतां झिजलेल्या कडेवर थेंबाथेंबानें धातु चढवितां येऊं लागला. मात्र त्याच उष्णतेनें शेजारच्या पोलादाचें पाणी उतरतें; घाईनें थंड झाल्यास सांध्यालगत तडाहि जातो. म्हणून पातें आधीं तापविणें, जोडल्यावर सावकाश निवूं देणें आणि अखेरीस पुन्हा पाणी देणें, ही जुनीच शिस्त नव्या कारखान्यांत परतली.

तिलाहि मर्यादा आहे. मोटारीच्या जोरावर मिनिटाला सुमारें ३००० फेरे घेणारें आडवें पातें तुटलें, तर त्याचा तुकडा गोळीसारखा उडतो. म्हणूनच तडकलेलें असें पातें न जोडतां बदलावें, असें यंत्र करणारे बजावतात. सांधा डोळ्यांस दिसतो. पाणी नीट उतरलें कीं नाहीं, हें मात्र दिसत नाहीं.