कीटकभक्षी वटवाघळे आणि पीकसंरक्षण

सस्तन प्राण्यांच्या कायरॉप्टेरा गणातील ज्या जाती मुख्यतः कीटकांवर जगतात, त्यांना कीटकभक्षी वटवाघळे म्हणतात. जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी सुमारे ७० टक्के जाती कीटक खातात. भारतात सुमारे १३० जाती आढळतात आणि त्यांत फळांवर जगणाऱ्या जाती पंधराच्या आतबाहेर आहेत. तरीही पेरू, चिकू, द्राक्षे यांच्या बागांत उतरणाऱ्या या मोजक्या जातींमुळे सगळा गण शेतीचा वैरी ठरला. कपाशी, मका, भात आणि तुरीच्या रानावर रात्रभर फिरणारी लहान वटवाघळे फळांना तोंडही लावत नाहीत. काही ग्रॅम वजनाच्या या प्राण्यांचे खाद्य म्हणजे पतंग, भुंगेरे, तुडतुडे, ढेकूणवर्गीय कीटक आणि डास. शेतकऱ्याच्या शत्रूंची यादी बऱ्याच अंशी हीच आहे.

शिकारीची पद्धत : वटवाघूळ अंधारात कानांच्या आधारे वाट काढते, हे लाझारो स्पालान्झानी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९३-९४ मधील प्रयोगांतून ओळखले होते. डोळे निकामी केलेली वटवाघळे नीट उडत, पण कान बंद केले की ती अडथळ्यांवर आदळत. त्याचे कारण कळायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलम्बॉस यांनी १९३८ नंतरच्या प्रयोगांत दाखवून दिले की, वटवाघळे श्राव्यातीत ध्वनी काढतात व परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वस्तूची जागा ठरवतात. भक्ष्य जवळ आले की ध्वनिस्पंदांची संख्या झपाट्याने वाढते व अखेरच्या क्षणी ती सेकंदाला दोनशेच्या घरात जाऊ शकते. कीटक पंखाने किंवा शेपटीच्या पडद्याने झेलून तोंडात घेतला जातो.

अनेक पतंगांना हे ध्वनी ऐकू येतात. वटवाघळाची चाहूल लागताच ते दिशा बदलतात किंवा पंख मिटून खाली कोसळतात. त्यामुळे वटवाघळांच्या वावराचा परिणाम खाल्लेल्या कीटकांपुरता राहत नाही. जीव वाचवण्यात गुंतलेल्या पतंगाचे उडणे, जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे यांतही व्यत्यय येतो.

शेतीच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते किडीच्या कोणत्या अवस्थेवर घाव पडतो याला. पिकाचे नुकसान अळी करते आणि फवारणीही बहुधा अळी दिसल्यावरच सुरू होते. तोवर ती शेंगेत, बोंडात किंवा खोडात शिरलेली असते व औषध तिच्यापर्यंत धड पोहोचत नाही. वटवाघूळ त्याआधीच्या अवस्थेला गाठते. बोंडअळीची एक मादी आपल्या छोट्याशा आयुष्यात पाचशे ते हजार अंडी घालू शकते. अंडी घालण्यापूर्वी ती पकडली गेली, तर तिची सगळी पुढची पिढीच टळते. हे काम किडीचा उपद्रव दिसण्याआधी होऊन गेलेले असते, म्हणून शेतकऱ्याला ते कधी दिसत नाही. वटवाघळांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचे मोठे कारण हेच असावे.

टेक्ससचा कापूसपट्टा : या कामाचा सर्वांत सविस्तर हिशेब अमेरिकेतील टेक्सस राज्यात झाला आहे. मेक्सिकन फ्रीटेल (टॅडॅरिडा ब्रॅझिलिएन्सिस) या जातीची वटवाघळे मेक्सिकोत हिवाळा काढून वसंतात उत्तरेकडे येतात. सॅन अँटोनियो शहराजवळच्या ब्रॅकन गुहेत त्यांची दीड कोटीहून मोठी वसाहत उन्हाळ्यात भरते. जगातील ज्ञात वसाहतींत ही सर्वांत मोठी आहे. तेथे जमणाऱ्या बहुतेक माद्या असतात. जूनमध्ये प्रत्येक मादीला एकच पिलू होते. दूध पाजणाऱ्या मादीची भूक या काळात विलक्षण वाढते. जेमतेम बारा ग्रॅम वजनाची ही मादी एका रात्रीत आपल्या वजनाच्या दोन-तृतीयांशापर्यंत कीटक खाऊ शकते.

नेमक्या याच दिवसांत मेक्सिकोच्या ईशान्य भागातील आणि दक्षिण टेक्ससमधील मका पक्व होतो, आणि त्यावर वाढलेल्या हेलिकोव्हर्पा झिआ या बोंडअळीचे पतंग जमिनीतील कोषांतून अब्जावधींच्या संख्येने बाहेर पडतात. रात्रीच्या दक्षिण वाऱ्यावर शेकडो मीटर उंचीवरून ते उत्तरेच्या कपाशीकडे निघतात. वटवाघळे त्यांना त्या उंचीवर गाठतात. गुहेतून सुटणारे थवे हवामान खात्याच्या रडारवर ढगांसारखे उमटतात, त्यामुळे त्यांचा माग घेता आला. पुढे २०१२ मध्ये गॅरी मॅक्क्रॅकन व सहकाऱ्यांनी वटवाघळांच्या विष्ठेतील पतंगाचे डीएनए मोजून दाखवले की, शिवारात पतंग वाढले की वटवाघळांच्या खाण्यातही त्यांचे प्रमाण वाढते. शिकारी किडीच्या मागे जातो, याचा हा थेट पुरावा होता.

२००६ मध्ये कटलर क्लीव्हलँड, टॉमस कुन्झ आदींनी दक्षिण-मध्य टेक्ससच्या विंटर गार्डन भागातील आठ काउंटींचा हिशेब मांडला. तेथे सुमारे १० हजार एकर कपाशी होती आणि तिचे वार्षिक उत्पन्न ४६ ते ६४ लाख डॉलर होते. टळलेले नुकसान आणि वाचलेली फवारणी मिळून वटवाघळांच्या कामाची किंमत वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर निघाली, म्हणजे पिकाच्या किमतीचा साधारण सातवा हिस्सा. गृहीतके बदलली तर हा आकडा १ लाख २१ हजारांपासून १७ लाखांपर्यंत जातो. त्यातला खालचा आकडा धरला तरी ही सेवा शेतकऱ्याला पूर्णपणे फुकट मिळत होती.

इतर पिकांवरील अभ्यास : इलिनॉय राज्यातील मक्याच्या शेतात जोसाया मेन आणि जस्टिन बॉइल्स यांनी केलेला प्रयोग (२०१५) साधा आणि म्हणूनच पटणारा आहे. त्यांनी शेताच्या काही तुकड्यांवर फक्त रात्री जाळी ओढली. दिवसा जाळी काढल्याने पक्ष्यांना मज्जाव नव्हता. वटवाघळांना अडवलेल्या तुकड्यांत कणसे पोखरणाऱ्या अळ्या ५९ टक्के जास्त निघाल्या. पोखरलेल्या कणसांवर बुरशी व तिची विषद्रव्येही वाढलेली आढळली. म्हणजे वटवाघळांचा फायदा उत्पादनापुरता नसून धान्याच्या प्रतीशीही त्याचा संबंध आहे. थायलंडमध्ये सुरकुत्या ओठांच्या फ्रीटेल वटवाघळांमुळे पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्याला आळा बसतो आणि त्यातून वर्षाला सुमारे २,९०० टन भात वाचतो, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या भातावर २६ हजारांहून अधिक माणसांचे वर्षभराचे पोट भरते. स्पेनमधील एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात भातखाचरांलगत लाकडी पेट्या लावून लहान वटवाघळांची वस्ती वाढवली गेली, तेव्हा खोडकिड्याचा उपद्रव कमी झाला. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर कोकोच्या झाडांपासून पक्षी व वटवाघळे दूर ठेवली असता उत्पादन ३१ टक्क्यांनी घटले, मात्र या आकड्यात पक्ष्यांचाही वाटा आहे.

वटवाघळे गेल्यावर : एखाद्या प्राण्याचे मोल तो नाहीसा झाल्यावर कळते, असे सहज बोलले जाते. वटवाघळांच्या बाबतीत ते मोजलेही गेले. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत नाकाच्या टोकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळे दिसली. ‘पांढरे नाक’ या नावाने ओळखला जाणारा हा रोग स्यूडोजिम्नोॲस्कस डिस्ट्रक्टन्स या बुरशीमुळे होतो. तो शीतनिद्रेतील वटवाघळांना वारंवार जागे करून त्यांची साठवलेली चरबी संपवतो. उत्तर अमेरिकेतील तीन जातींची संख्या दहा वर्षांच्या आत ९० टक्क्यांहून अधिक घटली.

रोग एका काउंटीतून दुसरीत पसरत गेला, पण सगळीकडे एकाच वेळी पोहोचला नाही. एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञाने या वेळेतील फरकाचा उपयोग करून रोगग्रस्त व रोगमुक्त काउंटींची तुलना केली (२०२४). वटवाघळे मेलेल्या भागांत शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला होता. त्याच भागांत अपघात व हत्या वगळता अन्य कारणांनी होणारे अर्भकमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. वटवाघळे आणि पाळण्यातले मूल यांचा संबंध इतका जवळचा असेल, असे क्वचितच कोणी मानले असते. या संपूर्ण विषयातील सर्वांत गंभीर निष्कर्ष हाच आहे.

आकड्यांविषयी : वटवाघळांच्या बाजूने बोलताना फुगवलेले आकडे वापरू नयेत. बॉइल्स व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकी शेतीला वटवाघळांमुळे वर्षाला सुमारे २,२९० कोटी डॉलरचा लाभ होतो, असा अंदाज दिला. तो जगभर उद्धृत होतो, परंतु टेक्ससच्या कपाशीचा एकरी हिशेब देशभरच्या पिकांना लावून तो काढलेला आहे. त्याचा पल्लाही ३७० कोटींपासून ५,३०० कोटींपर्यंत आहे. ‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खाते’ हे लोकप्रिय विधानही असेच आहे. बंद खोलीत थोडा वेळ केलेल्या प्रयोगातील वेग तासांनी गुणून ते तयार झाले. शिवाय या सेवेची किंमत स्थिर राहत नाही. अमेरिकेत बीटी कापूस आल्यावर आणि कपाशीखालील क्षेत्र घटल्यावर मेक्सिकन फ्रीटेलच्या कपाशीवरील सेवेची किंमत १९९० मधील सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरवरून २००८ मध्ये ४९ लाखांवर उतरली. वटवाघळांची गरज संपली, असा याचा अर्थ काढणे घाईचे ठरेल. विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी वाणांना दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. तंत्रज्ञान निकामी होते तेव्हा निसर्गातील शिकारी शिल्लक असावे लागतात.

भारत व महाराष्ट्र : पश्चिम व मध्य भारतातील वटवाघळांचा पायाभूत अभ्यास आंद्रे ब्रोसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने केला. तो १९६२-६३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांपासून महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्हपर्यंतच्या वसाहतींची त्यात नोंद आहे. खेड्यांत पाकोळी म्हणून ओळखली जाणारी पिपिस्ट्रेल जातीची चिमुकली वटवाघळे कौलांखाली आणि भिंतींच्या फटींत राहतात. पिवळी वटवाघळे (स्कोटोफिलस) जुन्या घरांत व झाडांच्या ढोल्यांत, तर उंदीरशेपटी वटवाघळे (रायनोपोमा) पडीक किल्ले, तळघरे व लेण्यांत आढळतात.

टेक्ससमधील बोंडअळीची सख्खी बहीण म्हणावी अशी हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही कीड आपल्याकडे हरभऱ्यावर घाटे अळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि कपाशीवर हिरवी बोंडअळी म्हणून ओळखली जाते. तिचाही पतंग निशाचर आहे. वळवाच्या सरी पडताच हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. ती वेळ वटवाघळे बाहेर पडण्याचीच असते, आणि पिवळी वटवाघळे भुंगेरे आवडीने खातात. भातावरील पांढऱ्या पाठीचे तुडतुडे व खोडकिड्याचे पतंगही रात्रीच उडतात. कृषी सल्ल्यांत पक्षी थांबे, कामगंध सापळे व प्रकाश सापळे यांची शिफारस नेमाने असते. रात्रपाळी करणाऱ्या या शिकाऱ्याला त्यात जागा मिळायला हवी. वटवाघळे एकटी कीड आटोक्यात आणू शकत नाहीत. ती निवडून फक्त उपद्रवी कीटकच खातात असेही नाही. एकात्मिक कीड व्यवस्थापनातील एक घटक म्हणूनच त्यांचा विचार करावा.

धोके व संवर्धन : बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिलू देते. त्यामुळे एकदा मोडलेली वसाहत सावरायला अनेक वर्षे लागतात. विषारी फवारणीचा मारा वटवाघळांवरही होतो. न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबाड गुहेतील वसाहत विसाव्या शतकाच्या मध्यात ओसरली, तिच्या कारणांत डीडीटीचे नाव घेतले जाते. लेण्यांतील प्रखर दिवे, पर्यटकांचे धूर-फटाके, मंदिरे व वाड्यांची दुरुस्ती, बुजवलेल्या विहिरी आणि तोडलेली ढोलीची झाडे हे आपल्याकडचे धोके आहेत. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेत सापडलेल्या रॉटनच्या फ्रीटेल वटवाघळाला (ओटोमॉप्स रॉटनी) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले. तेथील भीमगड अभयारण्याच्या निर्मितीमागे या जातीचाही वाटा आहे. सामान्य पाकोळीला असे भाग्य लाभले नाही. ब्रॅकन गुहेशेजारी हजारो घरांची वसाहत होणार होती, तेव्हा २०१४ मध्ये सॅन अँटोनियो शहराने व संवर्धन संस्थांनी मिळून ती सुमारे १,५०० एकर जमीन विकत घेतली.

वटवाघळांना उघड्या हातांनी धरू नये आणि कोंदट गुहेतील विष्ठेची धूळ श्वासात जाऊ देऊ नये, एवढी काळजी पुरते. त्यांना मारण्याची किंवा हुसकावण्याची गरज नसते. घराची कौले, मंदिराचा गाभारा किंवा वाड्याचे तळघर दुरुस्त करायचे असेल, तर आधी आत वसाहत आहे का ते पाहावे. अनेक जातींची पिले उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत आईला लटकलेली असतात. त्या महिन्यांत फटी बुजवू नयेत. दुरुस्ती पिले उडू लागल्यावर करावी, आणि शेताच्या बांधावरचे ढोलीचे जुने झाड शक्यतो तोडू नये.