गावच्या मतांची मोजणी

मोजणी म्हटले की आपल्या नगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, प्रथम आठवते ती जमिनीची मोजणी. मोजणीदार परका असावा, दोन्ही भाऊबंद बांधावर हजर असावेत आणि खुणा सर्वांदेखत रोवल्या जाव्यात, एवढी आपली अपेक्षा असते. मतांच्या मोजणीकडूनही आपण याहून वेगळे काही मागत नाही. हे मागण्याचा हक्क मात्र आपल्याला फार उशिरा मिळाला.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. काही सभासद सरकारने नेमलेले, काही निवडलेले. आणि निवडणारे तरी कोण, तर मालमत्ता किंवा दर्जा असलेले मोजके लोक. मतदार मोजके असले म्हणजे कोणी कोणाला मत दिले हे फार काळ झाकून राहत नाही.

प्रौढ मताधिकार आला तो राज्यघटनेबरोबर. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी आडोशाला ठेवीत. मतदाराने चिन्ह ओळखावे आणि मतपत्रिका त्या पेटीत टाकावी. पुढे सर्व नावे एकाच मतपत्रिकेवर आली आणि शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. शिक्क्याची बाणफुली मुद्दाम एका दिशेला वळलेली असते. ओल्या शाईची घडी पडून दुसऱ्या नावावर ठसा उमटला, तर तो उलटा दिसतो आणि खरा शिक्का कोणता याचा वाद उरत नाही. एवढ्याशा युक्तीने किती भांडणे मिटली असतील!

ग्रामपंचायतींचा १९५८ चा कायदा १९५९ पासून अमलात आला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. आणि १९९४ साली या निवडणुकांसाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. परंतु कायदा गावात चालत येत नाही. त्याला प्राथमिक शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आणि कचेरीतले कारकून घेऊन येतात. आदल्या दिवशी तहसिलीतून साहित्य मोजून घ्यावे, शाळेच्या खोलीत मुक्काम करावा, सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्र रिकामे असल्याचे दाखवावे, बोटाला शाई लावावी आणि संध्याकाळी मोहोर करून सह्या घ्याव्यात, असे हे काम. नेमणूक सहसा स्वतःच्या गावाबाहेर असते. आपला मोजणीदार परका असावा म्हणतो ते याचसाठी.

लहान निवडणुकीत ही काळजी अधिकच लागते. विधानसभेच्या मतमोजणीत एखादी वस्ती लाखांत विरून जाते. गावातल्या एका प्रभागात मते काही शेकड्यांत असतात. आकडे जाहीर होताच कोणती वस्ती कोणाकडे गेली याचा हिशेब पारावर मांडला जातो. उद्या त्याच माणसाच्या विहिरीवर पाणी भरायचे आहे, त्याच्याच शेतात रोजाने जायचे आहे. अशा मतदाराला गुप्ततेखेरीज दुसरे संरक्षण नाही.

म्हणूनच ‘बिनविरोध’ या शब्दाकडे आपण जपून पाहिले पाहिजे. एकोप्याने झालेली निवड ही गावाची शोभा आहेच. पण त्या निवडीत मोजणी नसते आणि गप्प बसलेला माणूस राजी होता की भ्याला होता, हे कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्यावरून आयोगाने तेथील निवडणुकाच रद्द केल्या. बिनविरोधाच्या पडद्याआड बाजार मांडता येतो, हे त्यावरून दिसले.

त्याच महिन्यात आपल्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारलाही मतदान झाले. १९८९ साली श्री. पोपटराव पवार तेथे बिनविरोध सरपंच झाले आणि पाणलोटाच्या कामाने गावाचा लौकिक देशभर पसरला. सुमारे तीस वर्षे तेथे लढत झाली नव्हती. १५ जानेवारीला मतदान आणि १८ जानेवारीला मोजणी होऊन त्यांच्या पॅनेलने सर्व जागा जिंकल्या. पुष्कळांना एकोपा मोडल्याची हळहळ वाटली. आम्हांस तसे वाटत नाही. इतकी वर्षे गावाचा विश्वास गृहीत धरलेला होता. त्या दिवशी तो विरोधकांच्या डोळ्यांदेखत मोजला गेला. बांधावरची खूण दोन्ही भाऊबंदांनी पाहिली, की मगच ती पक्की होते.