'अलबेला'मधला ट्रम्पेट कुणाचा? चिक चॉकलेट कोण होते?

कोलशेतपासून डोंबिवलीपर्यंत कुठेही वरातीत बँड वाजला की ट्रम्पेटचा आवाज ओळखीचा वाटतो. हे परदेशी वाद्य हिंदी सिनेगीतांत रुजवणाऱ्यांपैकी एक मोठं नाव म्हणजे चिक चॉकलेट.

खरं नाव काय?

आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातलं हळदोणे गाव. आई लाडाने 'चिको' म्हणायची, त्यावरून 'चिक' झालं, असं सांगतात. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य संगीत लिहायला-वाचायला शिकवत. तिथे शिकलेले अनेक वादक पोटापाण्यासाठी मुंबईला येत.

जॅझ मुंबईत कसा आला?

जॅझचा जन्म अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये झाला. जुन्या पद्धतीच्या जॅझमध्ये ट्रम्पेट मुख्य चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती फिरतो आणि ट्रॉम्बोन खालच्या सुरांत साथ देतो. बरंचसं वादन तिथल्या तिथे सुचलेलं असतं. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. असे बँड ऐकून गोव्याचे वादक घडले. पुढे चिक यांचा स्वतःचा बँडही 'ताज'मध्ये वाजू लागला. लुई आर्मस्ट्राँग यांच्या शैलीत वाजवत असल्यामुळे त्यांना 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हटलं गेलं.

सिनेमात काय केलं?

इथे येतात पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. 'समाधी' (१९५०) आणि भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) या सिनेमांच्या संगीतात चिक त्यांच्यासोबत होते. त्या काळी कामाची पद्धत अशी: संगीतकार चाल बांधायचा आणि कोणत्या वाद्याने कुठे, काय वाजवायचं हे अरेंजर कागदावर उतरवायचा. हे लिहिण्याचं काम बहुतेकदा गोव्याची मंडळी करत.

मग नाव का विसरलं गेलं?

कारण रेकॉर्डवर संगीतकार आणि गायकाचं नाव यायचं, वादकाचं नाही. अरेंजरला फार तर 'सहायक' म्हणून जागा मिळे. चिक यांनी 'नादान' (१९५१) या सिनेमाला स्वतंत्र संगीतही दिलं, पण संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. १९६७ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, त्यांचं निधन झालं.

सी. रामचंद्र यांचं मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण ज्या गाण्यांना आपण एकाच नावाने ओळखतो, ती अनेकांच्या हातून घडलेली असतात.

त्यांना कुठे पाहता येईल?

'अलबेला'मध्ये चिक आणि त्यांचा बँड झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून पडद्यावर दिसतात. 'आखरी खत' (१९६६) मधल्या क्लबच्या गाण्यात भूपिंदर सिंग गातात आणि चिक ट्रम्पेट वाजवतात. रीलवर ही गाणी दिसली तर पुढच्या चेहऱ्यांमागे उभ्या असलेल्या या माणसाला जरूर शोधा.